सगळेच बंद करू नका

लॅपटॉप सावकाश सुरू होतो म्हणून 'स्टार्टअप' यादीतले सगळेच बंद करण्याची घाई आम्हाला पटत नाही. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. विंडोज ८ (२०१२) पासून ही यादी टास्क मॅनेजरमध्येच मिळते. गाण्यांचे, खेळांचे प्रोग्राम खुशाल 'डिसेबल' करा. ते पुसले जात नाहीत, हवे तेव्हा उघडतात. अँटिव्हायरस राहू द्या. वनड्राइव्ह बंद केलात तर प्रकल्पाची प्रत आपोआप वर जाणार नाही, हे पालकांनीही ध्यानात घ्यावे.

मराठी टंकनाचा वेगळा प्रोग्राम असेल, तर त्याला मात्र हात लावू नका. एक्सपीच्या काळात 'सीटीएफमॉन' हे अनोळखी नाव बंद केले की भाषापट्टीच नाहीशी व्हायची! मैलूरात मराठी निबंध लिहायला बसावे आणि इंग्रजी अक्षरे उमटावीत, त्यापेक्षा मिनिटभर थांबणे आम्हाला परवडते.