वेदीचा भंग आणि शुद्धीचा अर्थ

व्हॅटिकनमधील सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या मुख्य वेदीवर १० ऑक्टोबर २०२५ रोजी मिस्सा सुरू असतानाच एका व्यक्तीने लघुशंका केली. १३ ऑक्टोबरला कार्डिनल मावरो गाम्बेत्ती यांनी तेथे प्रायश्चित्तविधी केला. जून २०२३ मध्ये एक जण विवस्त्र होऊन याच वेदीवर चढला होता, तेव्हाही असाच विधी झाला. दोन्ही वेळा वेदीची नव्याने प्रतिष्ठापना मात्र झाली नाही.

कॅथलिक चर्चची १९८३ची धर्मसंहिता येथे दोन गोष्टी वेगळ्या मानते. भाविकांना धक्का देणाऱ्या गंभीर कृत्याने पवित्र स्थळाचा भंग होतो. प्रायश्चित्तविधी होईपर्यंत तेथे उपासना थांबते, पण मूळ प्रतिष्ठा अबाधित राहते (कलम १२११). वेदी बहुतांशी नष्ट झाली किंवा कायमची लौकिक वापरात गेली, तरच ती प्रतिष्ठा संपते (कलम १२१२ व १२३८) आणि पुन्हा प्रतिष्ठापनेचा प्रश्न उद्भवतो.

कृत्य तेवढे गंभीर आहे की नाही, हे स्थानिक धर्माधिकारी ठरवतो. बुलढाणा जिल्हा अमरावती धर्मप्रांतात मोडतो. त्यामुळे जिल्ह्यातील एखाद्या चर्चवर असा प्रसंग ओढवल्यास निर्णय अमरावतीच्या बिशपांकडे जाईल. संतप्त जमावाकडे नव्हे. गुन्ह्याचा तपास ही पोलिसांची स्वतंत्र बाब होय. अवमानाच्या हेतूने प्रार्थनास्थळ भ्रष्ट करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २९८ खाली दंडनीय आहे.

महाराष्ट्रात ‘शुद्धी’ या शब्दाला वेगळा, कटू इतिहास आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा सनातन्यांनी पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ केले. तेथे कोणतेही दुष्कृत्य घडले नव्हते. दोष माणसाच्या जन्मात पाहिला गेला.

चर्चही या वृत्तीपासून मुक्त नव्हते. १९१७च्या धर्मसंहितेत हत्या, रक्तपात यांच्याबरोबरच ख्रिस्तेतर किंवा बहिष्कृत व्यक्तीचे दफन हेदेखील चर्चच्या भंगाचे कारण होते. १९८३मध्ये ही यादी गेली आणि कृत्याचे गांभीर्य हाच निकष उरला.

हा बदल लहान नाही. वेदीवर पवित्र पाणी शिंपडले जाते ते घडलेल्या कृत्याच्या प्रायश्चित्तासाठी, कोणा माणसाचा स्पर्श पुसून काढण्यासाठी नव्हे. कोणत्याही धर्माच्या शुद्धिविधीकडे पाहताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.