गूस नदीकाठचे स्फटिक

रसायनीच्या नावातच रसायन आहे, आणि काच हे मनुष्याने साधलेले एक अतिप्राचीन रसायन होय. वाळू, सोडाखार आणि चुना भट्टीत वितळले की साधी काच तयार होते. चुन्याऐवजी शिशाचे भस्म, म्हणजे बाजारात जे मुरदाडशिंग म्हणून ओळखले जाते ते घातले, की काच जड होते, प्रकाश अधिक वाकवते व टिचकी मारताच घंटेसारखी निनादते. व्यापारी भाषेत यालाच क्रिस्टल म्हणतात, मात्र खाणीतल्या स्फटिकाशी त्याचा काही संबंध नाही.

रशियात या विद्येचा पाया एका रसायनशास्त्रज्ञाने दृढ केला. मिखाईल लोमोनोसोव्ह यांनी रंगीत काचेचे सहस्रावधी प्रयोग केले आणि १७५३ साली स्वतःचा कारखाना काढला. व्यापारी घराण्यांपैकी माल्त्सोव्ह घराणे अग्रेसर. काचेच्या भट्ट्या मॉस्कोभोवतीची अरण्ये गिळू लागल्या, तेव्हा १७४७ साली राजाज्ञेने मॉस्कोजवळचे कारखाने बंद करण्यात आले. धंदा दूर नेणे भाग पडले. अकिम माल्त्सोव्ह यांनी १७५६ साली गूस नदीकाठी जो कारखाना उभारला, त्यावरून त्या गावाचे नावच गूस-ख्रुस्ताल्नी, अर्थात ‘स्फटिकांचे गूस’, असे पडले.

या गावातील संग्रहालय एका देवालयात आहे. घराण्याचे वारस युरी नेचायेव्ह-माल्त्सोव्ह यांनी स्थपती बेनुआ यांच्याकडून सेंट जॉर्जचे भव्य मंदिर बांधून घेतले आणि चित्रकार वास्नेत्सोव्ह यांच्याकडून त्यात कुट्टिमचित्रे व अंतिम न्यायाचे प्रचंड चित्र करविले. सोव्हिएत काळात तेथील उपासना थांबली, पुढे तेथेच काचपात्रांचे दालन मांडले गेले. त्यामुळे पैलू पाडलेल्या सुरया, रंगीत थरांचे पेले आणि धार्मिक चित्रे एकाच छताखाली दिसतात. काच पाहता पाहता दृष्टी न्यायाच्या चित्रावर जाते, हा योग कोणी मुद्दाम जुळविलेला नाही, तरी तो अर्थहीन म्हणता येत नाही. याच श्रेष्ठींनी मॉस्कोच्या ललितकला संग्रहालयालाही, जे १९१२ साली खुले झाले, अपार द्रव्य दिले.

इंदूरच्या काच मंदिराची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. सर शेठ हुकुमचंद यांनी बांधविलेल्या त्या दिगंबर मंदिरात भिंती, खांब व छत काचेने मढविलेले आहेत. दोन्हीकडे धन एका घराण्याचे.

महाराष्ट्रात मात्र काचेचा संसार वेगळ्या भांडवलावर उभा राहिला. खोपोलीचा घाट चढून पलीकडे गेले की तळेगाव लागते. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा पैसा गोळा केला, लोकमान्य टिळकांचे पाठबळ लाभले आणि १९०८ साली तेथे पैसाफंड काच कारखाना निघाला. तेथे झुंबरे नव्हती, शिकाऊ कारागीर होते, आणि पुढे ही विद्या तेथून इतर कारखान्यांत पोचली. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी कारखाना काढला व त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील खेडोपाडी गेला. रशियन पात्रांच्या सौंदर्याची बरोबरी त्या कंदिलाच्या काचेने केली नाही, परंतु ज्या पेढीवर रात्री वही लिहिली जाई तेथे तिचे मोल निराळे होते. तळेगावच्या त्या प्रयत्नाला आज कोणत्याही दालनात पुरेशी जागा मिळू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

रुपयातील व्यवहारामुळे सोव्हिएत रशियाशी चहा, होजिअरी अशा मालाचा व्यापार चाले, त्या काळातील एखादे जड, पैलूदार पात्र काही घरांच्या काचकपाटात अद्याप असेल. पारंपरिक उत्तम क्रिस्टलमध्ये चोवीस टक्के वा अधिक शिशाचे भस्म असते. पाहुण्यांपुढे घटकाभर सुका मेवा ठेवण्यास असे पात्र शोभते. लिंबाचे सरबत, लोणचे अथवा कोणताही आंबट पदार्थ त्यात साठवू नये, कारण आंबटाने शिसे हळूहळू पदार्थात उतरते. लहान मुलांचे पाणी वा दूध तर त्यातून मुळीच देऊ नये.