मळणीच्या दिवसांतील पोटाचा मार

तिरोडा तालुक्यात धान कापून पुंजणे रचले गेले की मळणीची घाई सुरू होते. विळा, मळणीयंत्र, मारका बैल आणि नागझिऱ्याच्या रानातून उतरणारी रानडुकरे यांच्याशी शेतकऱ्याची या दिवसांत नित्य गाठ असते. यंत्राचा पट्टा व तेल पाहून ठेवणारा शेतकरी त्याजवळ धुतलेले फडके मात्र ठेवीत नाही.

हातापायास खोल जखम झाली असता हळद, चुना वा तंबाखू दडपण्याची रीत अद्याप पुरती गेलेली नाही. वाहते रक्त त्याने थांबत नाही आणि जखम दूषित होते. स्वच्छ फडके ठेवून तळहाताने जोराने दाबून धरावे. फडके भिजल्यास ते न काढता त्यावर दुसरे ठेवावे. वारंवार उचलून पाहिल्याने धरलेली गुठळी निघते.

शिंगाने वा सुळ्याने पोट फाटून आतडे बाहेर आल्यास ते आत ढकलू नये. ओल्या स्वच्छ फडक्याने सैलसर झाकून जखमी इसमास उताणे निजवावे व गुडघे उभे ठेवावेत. रुतलेली वस्तू उपसू नये.

तथापि खरी फसगत होते ती जखम न दिसणाऱ्या मारात. बैलाने लाथ मारली, माणूस उठून बसला, चहा घेऊन पुन्हा कामास लागला, म्हणजे घरचे निश्चिंत होतात. यकृत किंवा प्लीहा फाटून पोटात रक्त साचत असले तरी प्रथम काहीच जाणवत नाही. कधी तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी पोट ताठरते, अंग गार व घामेजलेले होते, नाडी जलद चालते, तहान लागते. अशा वेळी मायेने पाजलेले पाणी शस्त्रक्रियेच्या वेळी अपाय करू शकते. ओठ तेवढे ओले करावेत. मजुरी बुडेल म्हणून वाट न पाहता १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. ही सेवा राज्यात २०१४ पासून विनामूल्य आहे. तिरोड्यास उपजिल्हा रुग्णालय असून गोंदियास २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने २०२३ साली सुरू झालेल्या योजनेत अपघाती मृत्यूनंतर शेतकऱ्याच्या कुटुंबास २ लाख रुपये मिळतात. ही मदत योग्यच. परंतु ती माणूस गेल्यावरची. कृषी विभागाने मळणीपूर्वीच्या शेतीशाळेत कीडनियंत्रणाच्या बरोबरीने अर्धा तास या विषयास द्यावा, आणि तो यंत्रचालक व बांधीवर राबणाऱ्या स्त्रियांच्या समक्ष, प्रत्यक्ष फडके दाबून दाखवून द्यावा.