भोंगा कोणी वाजवावयाचा?

२०२५ च्या डिसेंबरात, ५ तारखेस, बारामतीच्या खासदार श्रीमती सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत एक खासगी विधेयक मांडले. कामाचे तास संपल्यानंतर कचेरीतून आलेला दूरध्वनी न घेण्याचा आणि कचेरीच्या ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क नोकरदारास असावा, असा त्याचा आशय आहे. याच आशयाचे विधेयक त्यांनी २०१८ सालीही मांडले होते. खासगी विधेयकांचे आपल्याकडे काय होते, हे जाणत्या वाचकांस सांगावयास नको. स्वातंत्र्यानंतर अशी अवघी १४ विधेयके संसदेने संमत केली आणि त्यांतले शेवटचे १९७० साली. तेव्हा या विधेयकाचे भविष्य वर्तविण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. परंतु विधेयक बारगळले म्हणून प्रश्न बारगळत नसतो; आणि हा प्रश्न तर आज मुंबईतील लक्षावधी घरांत रात्रीच्या जेवणाच्या पानापर्यंत येऊन ठेपला आहे.

प्रश्न दिसावयास अगदी साधा आहे. कचेरीचे टपाल आणि कचेरीची दिनदर्शिका आता कचेरीत राहत नाही. ती नोकरदाराच्या खिशातील, त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या मोबाईलमध्ये राहते. साहेबांनी बैठकीची वेळ बदलली की तो बदल त्याच क्षणी कारकुनाच्या मोबाईलवर, घरच्या संगणकावर, क्वचित मनगटावरील घड्याळावरही उमटतो. यात सोय आहे, हे आम्ही नाकारीत नाही. मुलाला ताप आला असता घरी बसून चार पत्रांची उत्तरे देता येतात, ही सोय लहान नव्हे. परंतु सोय कोणाची आणि तिची किंमत कोणी मोजावयाची, हा हिशेब आजवर कोणी मांडलेलाच नाही. तो मांडणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

या शहराला कामाच्या तासांचा इतिहास नवा नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरविली आणि आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी यासाठी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. लोखंडे हे ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक होते, याचा आम्हां वृत्तपत्रकारांस अभिमान वाटावा हे साहजिकच आहे. त्यांच्या चिकाटीस यश येऊन १८९० च्या जून महिन्यापासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. त्या काळच्या गिरणीत जुलूम होता, उष्मा होता, कापसाची धूळ होती. पण एक गोष्ट निःसंशय होती. काम सुरू होण्याचा भोंगा होई, तसाच काम संपल्याचाही भोंगा होई. त्या भोंग्यानंतर मालकाला कामगाराचा माग त्याच्या खोलीपर्यंत काढता येत नसे. आज लोअर परळला त्या गिरण्यांच्या आवारांत काचेच्या कचेऱ्या उभ्या आहेत. तेथे वातानुकूलित हवा आहे, पगारही बरे आहेत. फक्त सुटल्याचा भोंगा तेवढा नाही.

हे घडले कसे, ते पाहणे उद्बोधक आहे. ईमेल हातात घेऊन फिरण्याची सोय १९९९ साली ब्लॅकबेरीच्या यंत्राने प्रथम रूढ केली. तेव्हा ते यंत्र कंपनी विकत घेई आणि निवडक अधिकाऱ्यांना देई. ते मिळणे हा मान होता. २००८ साली ॲपलच्या आयफोनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या कचेरी-टपालाची जोडणी आली. पुढे अँड्रॉइडवरही ती सर्रास झाली. मग कंपन्यांच्या ध्यानात आले की, नोकरदार स्वतःच चांगला मोबाईल विकत घेतो, त्याचे मासिक भाडेही स्वतःच भरतो, तर आपण वेगळे यंत्र कशाला द्यावे? अशा रीतीने जे पूर्वी मालकाने पुरवावयाचे हत्यार होते, ते नोकराने घरून आणावयाचे झाले. सुताराने स्वतःची करवत आणावी तसेच हे, असे कोणी म्हणेल. पण सुतार आपल्या करवतीचा मोबदला मजुरीत धरतो. आणि त्याची करवत रात्री अकरा वाजता वाजू लागत नाही.

दुसरी गोष्ट मालकी हक्काची. कचेरीचे टपाल मोबाईलवर घेताना पडद्यावर एक संमतिपत्र येते. त्यावर बोट ठेवल्याखेरीज टपाल येत नाही आणि ते वाचून बोट ठेवणारा मनुष्य विरळा. पुष्कळ ठिकाणी त्या संमतीचा अर्थ असा असतो की, मोबाईल हरवला किंवा नोकरी सुटली तर कंपनीने दुरून त्यातील मजकूर पुसून टाकावा. कंपनीच्या गुप्त कागदपत्रांच्या दृष्टीने ही तरतूद रास्त आहे. पण जुन्या पद्धतीत पुसले जाई ते केवळ टपाल नव्हे. आईचे छायाचित्र, मुलीच्या बारशाचे चलच्चित्र, सारेच एका हुकुमासरशी नाहीसे होई. यावर तोड निघालेली नाही असे नाही. अँड्रॉइडच्या यंत्रात कामाचा कप्पा निराळा करण्याची व्यवस्था आहे. ॲपलनेही २०१९ पासून तशी सोय दिली आहे. या व्यवस्थेत कंपनीने पुसावयाचे ते आपल्या कप्प्यातले पुसावे, घरच्या कप्प्यास हात लावू नये. शिवाय संध्याकाळी कामाचा कप्पा बंदही करून ठेवता येतो. तात्पर्य, तांत्रिक अडचण ही आता सबब उरलेली नाही. उणीव आहे ती नियमाची आणि नियम करण्याच्या इच्छेची.

तिसरी गोष्ट दिनदर्शिकेची. आणि ती टपालाहून अधिक सूक्ष्म आहे. पत्र आले तर ते निदान उद्यावर टाकता येते. परंतु दिनदर्शिकेत रिकामी दिसणारी वेळ ही सर्वांनाच आपली वाटते. न्यूयॉर्कमधील ग्राहकाने सकाळी नऊची बैठक ठरविली की ती मुंबईत उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला पडते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात, आणि तीच बैठक कोणासही न विचारता येथे साडेसातला सरकते. युरोपातील घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीच मागे गेलेली असतात. त्यामुळे मधल्या आठवड्यात लंडन आणि न्यूयॉर्क अशा दोन्हीकडच्या बैठका सांभाळणाऱ्यांची जी तारांबळ उडते, ती पवई, ऐरोली आणि हिंजवडी येथील तरुण-तरुणींना विचारावी. यंत्र हा बदल बिनचूक नोंदते, यात शंका नाही. पण आठची लोकल, पाळणाघर बंद होण्याची वेळ आणि सासूबाईंच्या औषधाची वेळ या गोष्टी त्या यंत्राच्या नोंदीत नसतात. दूरदेशीच्या घड्याळाचा काटा फिरला की आपल्या घरातील दिवेलागण पुढे ढकलावयाची, हा करार कोणी आणि केव्हा केला?

खासगी आणि सरकारी यांची सरमिसळ केवळ नोकरासच भोवते असे नाही. ती राज्यासही भोवते. हिलरी क्लिंटन या २००९ ते २०१३ या काळात अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री असताना त्यांनी सरकारी पत्रव्यवहार खासगी ईमेलवरून केला. २०१५ साली हे उघडकीस आल्यावर त्यांनी दिलेले कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे: दोन यंत्रे बाळगण्यापेक्षा एकच बाळगणे सोयीचे वाटले! पुढे त्यांच्यावर खटला भरण्याची शिफारस तपासयंत्रणेने केली नाही. पण बेपर्वाईचा ठपका ठेवला आणि २०१६ च्या निवडणुकीत त्या सोयीची किंमत त्यांना पुरेपूर मोजावी लागली. आपल्या केंद्र सरकारने २०१४ च्या ईमेल धोरणात सरकारी टपाल खासगी सेवेवर उतरवून घेण्यास मनाई केली आहे, ती योग्यच आहे. परंतु धोरण कागदावर राहते आणि व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो, हे कोणत्याही तहसील कचेरीत गेल्यास दिसून येईल.

किंबहुना, या बाबतीत सरकार हाच सर्वांत बेफिकीर मालक आहे, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते. २०२१ साली राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. ते मोबाईल वारंवार बिघडत, त्यांत माहितीचा भार मावत नसे, आणि ज्या ॲपमध्ये बालकांची वजने भरावयाची ते मराठीत नव्हते. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या या भगिनींनी पदरमोड करून स्वतःच्या मोबाईलवर शासनाचे काम करावे, अशी अपेक्षा ठेवण्यात आली. शाळाशिक्षकांची कथा निराळी नाही. माहिती आत्ताच्या आत्ता भरा, असा संदेश रात्री समूहावर येतो आणि सकाळी मुख्याध्यापक जाब विचारतात. वहीत नोंद नाही, भत्ता नाही, तास नाही. खडू-फळ्याचा खर्च शाळेने करावयाचा असतो, हे तत्त्व शिक्षणखात्यास मान्य आहे. मग मोबाईलचा खर्च तेवढा गुरुजींनी का करावा?

अन्य देशांनी काय केले? फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच असा निर्वाळा दिला की, कामाच्या वेळेबाहेर स्वतःच्या मोबाईलवर न सापडणे हा नोकराचा अपराध ठरत नाही. १ जानेवारी २०१७ पासून तेथे ५० वा अधिक नोकर असणाऱ्या कंपन्यांना या हक्काबाबत कामगारांशी वाटाघाटी कराव्या लागतात. पोर्तुगालने २०२१ साली मालकावरच बंधन घातले. विश्रांतीच्या वेळेत त्याने नोकरास गाठू नये, असा कायदा केला. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कामाबाहेरच्या वेळी आलेला संदेश न वाचण्याचा आणि त्यास उत्तर न देण्याचा हक्क मिळाला; मात्र तो नकार अवाजवी नसावा, अशी समंजस अट त्यात आहे. लहान धंद्यांना आणखी एक वर्ष मुदत देऊन २०२५ च्या ऑगस्टात तोच नियम लागू झाला. कॅलिफोर्नियातील न्यायालयाने २०१४ साली ठरविले की, नोकरास स्वतःचा मोबाईल कामासाठी वापरावा लागत असेल, तर बिलाचा वाजवी हिस्सा मालकाने दिला पाहिजे. यांपैकी कोणत्याही देशात उद्योगधंदे बुडाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आक्षेप घेणारे म्हणतील, आपली स्थिती निराळी आहे. परदेशी ग्राहकाच्या घड्याळाप्रमाणे चालल्याखेरीज आपल्या तरुणांना काम मिळणार नाही. या म्हणण्यात तथ्यांश आहे. इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी २०२३ साली तरुणांना आठवड्यास ७० तास काम करण्याचा उपदेश केला. पण आमचा रोख कष्टांवर नाही. वृत्तपत्राचा धंदा रात्रीचाच आहे. अपरात्री काम करणे म्हणजे काय, हे आम्हांस दुसऱ्याने शिकवावयास नको. डॉक्टर, परिचारिका, अग्निशामक दलाचे जवान यांनाही अवेळी धावावे लागते. परंतु त्या कामास नाव आहे: रात्रपाळी. तिचा तक्ता लागतो, तिची हजेरी लागते, तिच्या बदली सुटी मिळते. आमची हरकत आहे ती बिननावाच्या पाळीस. जी पाळी हजेरीपटावर नाही, पगारपत्रकावर नाही, पण जिच्यात गैरहजर राहिल्यास वार्षिक शेऱ्यात ‘तत्परता कमी’ असे लिहिले जाते, ती पाळी म्हणजे वेठच होय. मग तिचे इंग्रजी नाव कितीही गोंडस असो.

कायद्याची स्थितीही या वर्गास अनुकूल नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितांत दिवसाचे आठ तास आणि जादा कामास दुप्पट वेतन ही तत्त्वे आहेत. पण व्यवस्थापक आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक त्यांच्या व्याख्येत बसत नाहीत. चार माणसांवर देखरेख करणाऱ्या पदव्यांचा सुकाळ असलेल्या आजच्या कचेऱ्यांत ही वगळणूक किती जणांना बाहेर ठेवील, याचा विचार करावा. आणि आमच्या राज्य मंत्रिमंडळाने तर २०२५ च्या सप्टेंबरात दुकाने व आस्थापनांतील कामाचा दिवस नऊ तासांवरून दहा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली! तास वाढविण्याची तत्परता दाखविणाऱ्यांनी ते तास मोजण्याचीही तत्परता दाखवावी.

आमच्या मागण्या अवाजवी नाहीत. कामाचा मोबाईल मालकाने द्यावा. नोकराचाच वापरावयाचा असल्यास त्याच्या खर्चाचा हिस्सा पगारपत्रकात दाखवावा. कंपनीला मोबाईलमधील काय पाहता येते आणि काय पुसता येते, हे नोकरास समजेल अशा भाषेत, मराठीत, एका पानावर लिहून द्यावे. आणि कामाचा कप्पा निराळा ठेवणे सक्तीचे करावे. अवेळी हजर राहावयाचे असेल तर त्याची पाळी आगाऊ लावावी आणि मोबदला ठरवावा. ज्याची पाळी नाही त्याने उत्तर दिले नाही, तर तो त्याचा दोष धरू नये. संसदेच्या कायद्याची वाट न पाहता महाराष्ट्र शासनाने यांतील पहिला नियम स्वतःच्या शिक्षकांना आणि अंगणवाडी सेविकांना आजच लागू करावा. ज्यास दुसऱ्यास कायदा शिकवावयाचा आहे, त्याने आधी आपले घर झाडलेले बरे.

यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. यंत्र सांगितले तेवढे करते. गिरणीतील यंत्रानेही कधी रविवार मागितला नाही. तो माणसांनी मागितला, सह्या करून मागितला आणि सहा वर्षांनी मिळविला. भोंगा आपोआप वाजत नसतो. तो कोणीतरी वाजवावा लागतो. आजच्या नोकरदाराने आपला भोंगा मालकाच्या मर्जीवर सोडला, तर तो कधीच वाजणार नाही, हे त्याने पक्के ओळखावे.