रेशनच्या पिशवीत काय येते?

रेशनची मागणी आपल्या मोर्चांना नवी नाही. 1972 साली मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या मागे लाटणी घेऊन हजारो बायका रस्त्यावर आल्या, तेव्हापासून तेल आणि धान्य हा आपला विषय आहे. पण आपली मागणी ‘किती किलो आणि काय भावाने’ एवढ्यावरच थांबते. पिशवीत काय येते, आणि तेच वर्षानुवर्षे खाल्ल्यावर हृदयाचे काय होते, हे आपण कधी विचारलेले नाही. रात्रपाळीत जेवणाची वेळ धड नसणाऱ्या, डब्यात भात, चपाती आणि तेलकट भाजी नेणाऱ्या आपल्या घरांत रक्तदाबाच्या गोळ्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत.

या बाबतीत मॉरिशसचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. आपल्या कोकणातली माणसे करारबद्ध मजूर म्हणून उसाच्या मळ्यांवर गेली आणि ज्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात, तोच हा देश. तिथे स्वस्त दराचे रेशनचे तेल घरोघरी वापरले जाई, आणि ते बहुतांशी पामतेल असे. 1987 मध्ये सरकारने ते बदलून सोयाबीनचे तेल आणले. 1987 आणि 1992 च्या पाहण्यांत लोकांचे सरासरी कोलेस्टेरॉल आपल्याकडच्या मोजमापाने सुमारे 213 वरून 182 वर आले. सारे श्रेय तेलाचे नव्हे. त्याच काळात आरोग्यमोहीमही चालू होती आणि धूम्रपानही घटले. लठ्ठपणा मात्र वाढला. तरीही लक्षात घ्यावे ते हे, की तेलाच्या बाबतीत कुणाला पथ्याचे व्याख्यान ऐकावे लागले नाही. दुकानातले तेल बदलले, तसे कढईतले बदलले.

आपल्याकडे 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र माणसाला महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. ही लहान गोष्ट नव्हे. 1972 च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेल्यांना विचारा. उपाशी माणसाला कोलेस्टेरॉल सांगणे हा उद्धटपणाच ठरेल. पण बहुतेक दुकानांतून मिळते ते गहू आणि तांदूळच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिवसाला माणशी 85 ग्रॅम डाळ, अंडी वा मांस सांगितले. नुसत्या डाळीवर भागवायचे तर महिन्याला अडीच किलो होते. ही अडीच किलो डाळ बाजारभावाने घेणार कोण? मग ताटात भाताचा ढीग वाढतो आणि आमटी पातळ होत जाते.

इतर राज्यांत निराळे घडते आहे. तामिळनाडूत रेशनवर तूरडाळ मिळते, कर्नाटकात नाचणी आणि ज्वारी. मात्र तामिळनाडूत डाळीबरोबर पामोलिनही मिळते, आणि महाराष्ट्राने 2022 च्या दिवाळीत 100 रुपयांत दिलेल्या ‘आनंदाचा शिधा’मध्ये रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल होते. सणाला गोडधोड हवेच, पण तेल तरी बरे देता आले असते. पामतेलावर कर चढवा, असे काही जण सुचवतात. आम्हाला ते मान्य नाही. दुसरे परवडत नाही तोच ते तेल घेतो; कर चढवला की त्याची फोडणीच जाईल. शेंगदाणा किंवा सोयाबीनचे तेल रेशनवर स्वस्त करा, पामतेल आपोआप मागे पडेल.

यासाठी नवा कायदा लागत नाही. याच कायद्याच्या कलम 12 मध्ये रेशनवरच्या जिनसांत हळूहळू विविधता आणण्याचे लिहिले आहे, आणि भरडधान्याचा 1 रुपया किलो हा दरही मूळ कायद्यातच होता.

आपल्यापैकी अनेकांकडे पांढरे कार्ड आहे, त्यावर काही मिळत नाही, मग आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणेल. फलाटावर झाडू मारणारा ठेक्यावरचा कामगार आणि गावाकडचे म्हातारे आईवडील आठवावेत. डाळ, ज्वारी-बाजरी-नाचणी आणि बरे तेल रेशनवर द्या, असा ठराव शाखांनी पुढच्याच सभेत घेऊन राज्याच्या अन्न व नागरी पुरवठा खात्याकडे पाठवावा. आणि सभा सुटल्यावर आपल्या कँटीनच्या मागच्या खोलीत जाऊन तेलाच्या डब्यावर काय छापले आहे, तेही एकदा वाचून यावे.