तारप्याचा बांबू कोणाचा?



कोणी मोठा पाहुणा आला की साहेबांचा निरोप येतो, "चार पोरं आणा, तारपा आणा, नाचून दाखवा." हॉटेलांच्या भिंतींवर तारपा रंगवलेला. भाषणात म्हणणार, आदिवासी संस्कृती जपली पाहिजे. आणि आपल्या डहाणू-जव्हारच्या पाड्यांत तारपा बनवणारे म्हातारे बोटांवर मोजण्याइतके उरलेत. लग्नात डीजे, तारपा आढ्याला टांगलेला.

लोक म्हणतात, पोरं बिघडली. आम्ही विचारतो, तारपा बनतो कशाचा? वाडीतला सुकलेला दुधी, जंगलातला बांबू, ताडाचं पान, मधाच्या पोळ्याचं मेण. यातलं बाजारातून काय आणायचं? दुधीचा वेल लावायला वाडी पाहिजे, तर वाडीवर अतिक्रमणाचा शिक्का. बांबू तोडला तर कोयता जप्त. नवं भात आलं की तारपा वाजतो, कणसरीच्या नावानं रात्र-रात्र नाच चालतो. पण पोटासाठी भात दुसऱ्याच्या शेतात कापायचं, तर नाचायचं कोणाच्या खळ्यावर?

म्हणून आम्ही म्हणतो, तारपा आपोआप गेला नाही. जमीन गेली, जंगल बंद झालं, त्याच्या मागून तो चालला. ज्यांनी बांबू अडवला, तेच आता तारप्याच्या नाचाला टाळ्या वाजवतात. हे कौतुक आपल्याला नको.

बांबू गवताच्या जातीचा, हे आपल्या पोरालाही माहीत. पण 1927 च्या जंगल कायद्यानं त्याला झाड ठरवलं आणि आपल्याला चोर. 2006 च्या वनहक्क कायद्यात मात्र बांबू गौण वनोपज आहे. परंपरेनं गोळा करत आलो, त्या वनोपजावर मालकी आपली, असं तिथं लिहिलंय. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं हा हक्क भांडून घेतला. 2011 साली बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. मग आपल्या गावात का नाही?

तेव्हा ग्रामसभा बोलवा. जमिनीच्या दाव्याबरोबर सामूहिक हक्काचा दावाही टाका. त्यात बांबू लिहा, ताड लिहा, मध-मेण लिहा. तारपा बनवणाऱ्या म्हाताऱ्यांना पुढं बसवा. जंगलातून काय-काय आणत आलो, ते त्यांच्या तोंडून लिहून घ्या. वडीलधाऱ्यांचं सांगणं हा कायद्यानं मानलेला पुरावा आहे. आणि त्यांच्या शेजारी दोन पोरं बसवा, हात शिकेल.

नाचताना आपण तारप्याला पाठ दाखवत नाही. दाव्यालाही दाखवायची नाही.

जंगल आमचं, बांबू आमचा, तारपा आमच्या खळ्यावर!