अक्षर ओळखलं, पण 'होय' दाबायचं की 'नाही'?

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं आणि मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. त्या दिवसांत घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कुठल्याही स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्ड आणि मोबाईल घेऊन बायका उभ्या दिसायच्या. मी घाटकोपरला राहतो. आमच्या मजल्यावरच्या तिघीचौघींचं केवायसी माझ्याच मोबाईलवर झालं.

आधार नंबर, कॅप्चा, ओटीपी. मग पती किंवा वडिलांचा आधार नंबर, पुन्हा ओटीपी. इथपर्यंत ठीक होतं. शेवटी जात प्रवर्ग निवडायचा आणि दोन गोष्टी प्रमाणित करायच्या. त्यातल्या पहिलीचा अर्थ साधारण असा: माझ्या कुटुंबातलं कोणी सरकारी नोकरीत कायम नाही आणि निवृत्तिवेतनही घेत नाही. त्यापुढे पर्याय दोन, होय आणि नाही.

आता बघा, घरात कोणी सरकारी नोकर नाही. तुम्ही काय दाबाल? बोलताना आपण म्हणतो, "नाही हो, आमच्यात कोणी नाही," आणि बोट आपसूक 'नाही'वर जातं. पण मुळात वाक्यच नकारार्थी आहे. त्याला 'नाही' म्हटलं की अर्थ होतो 'हे खरं नाही', म्हणजे घरात सरकारी नोकर आहे! पात्र बाईचं बरोबर उत्तर होतं 'होय'. शेजारच्या काकूंनी मला तिथेच अडवलं होतं, "अरे बाळा, आपल्याकडे कोणी नाही ना, मग होय कशाला दाबतोस?" त्यांची शंका अगदी रास्त होती.

केवायसीत चुकीचे पर्याय निवडले गेल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की जानेवारी २०२६ मध्ये सरकारला अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगावं लागलं. महिन्याचे १५०० रुपये एका टिचकीवर अडकले. यातल्या कितीतरी जणी शाळा शिकलेल्या, मराठी पेपर वाचणाऱ्या आहेत. मग त्यांना साक्षर म्हणायचं की नाही?

साक्षर म्हणजे नक्की कोण?

जनगणनेची व्याख्या सोपी आहे. वय ७ किंवा जास्त आणि कोणत्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येतं, तो साक्षर. शाळेचा दाखला लागत नाही. फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही, तर मात्र साक्षर धरत नाहीत. या मोजमापाने २०११ मध्ये महाराष्ट्राचा साक्षरता दर सुमारे ८२ टक्के होता आणि मुंबई उपनगर जिल्ह्याचा सुमारे ९० टक्के. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत दहातले नऊ जण साक्षर, म्हणजे प्रश्न जवळपास संपलाच, असं वाटावं असा आकडा.

पण ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने 'उल्लास' या प्रौढ साक्षरता कार्यक्रमासाठी व्याख्या रुंद केली. समजून वाचणं, लिहिणं, हिशेब करणं यांच्या जोडीला डिजिटल साक्षरता आणि आर्थिक साक्षरता अशी जगण्याची कौशल्यंही त्यात आली. ९५ टक्के लोक साक्षर झाले की राज्य 'पूर्ण साक्षर' समजायचं, हेही ठरलं. आपल्या शेजारच्या गोव्याने मे २०२५ मध्ये तसं जाहीरही केलं.

नवी व्याख्या मला पटते. अडचण एवढीच की ती सगळी जबाबदारी वाचणाऱ्यावर टाकते. ज्याने 'नाही' असलेल्या वाक्यापुढे होय-नाहीचे पर्याय ठेवले, त्याची परीक्षा कोण घेणार? 'घरात कोणी सरकारी नोकरीत आहे का?' असं सरळ विचारलं असतं तर काकूंनी माझी मदतही मागितली नसती. फॉर्म लाँच करण्याआधी तो चार-पाच बायकांच्या हातात देऊन त्या कुठे अडखळतात ते बघायचं, याला ना कोडिंग लागतं ना बजेट.

लिंक पाकिटावरच्या पत्त्यासारखी वाचा

अशी योजना आली की मागोमाग व्हॉट्सॲपवर लिंका फिरतात, आणि त्यातली खरी कुठली हे ओळखणं हेसुद्धा वाचनच आहे. फक्त दिशा उलटी.

पाकिटावर आपण लिहितो: खोली नंबर, चाळ, असल्फा, घाटकोपर, मुंबई. छोट्यापासून मोठ्याकडे. टपालवाले आधी शेवटचं गाव बघतात. कोणी 'मुंबई भवन, घाटकोपर गल्ली, सुरत' असं लिहिलं तर पाकीट सुरतलाच जाणार, सुरुवातीला मुंबई कितीही वेळा लिहा.

वेबसाइटचा पत्ता तसाच असतो. सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्यानंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या. पुढे पहिली तिरपी रेघ येईल तिथे थांबा आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचा. लाडकी बहीणच्या खऱ्या पत्त्याचा शेवट 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' असा आहे. 'जीओव्ही डॉट इन' हे नाव फक्त सरकारी संस्थांना मिळतं. पत्ता 'लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट अमुकतमुक डॉट कॉम' असेल तर ती साइट अमुकतमुकची, पुढे महाराष्ट्र लिहिलेलं असलं तरी. आपल्याला डावीकडून वाचायची सवय, आणि फसवणारा नेमका त्या सवयीवर डाव टाकतो.

एसएमएसलाही अशीच एक शेपूट आहे. २०२५ पासून कंपन्या आणि सरकारकडून येणाऱ्या मेसेजच्या नावाशेवटी एक अक्षर दिसतं: जी म्हणजे सरकारी, पी म्हणजे जाहिरात, एस सेवेसंबंधी, टी व्यवहाराचा. 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल' हा मेसेज मात्र बहुतेक वेळा साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून येतो आणि त्यात वीज कंपनीचं नावही धड नसतं. अंधेरी-बोरिवलीत अदानी, मुलुंडला महावितरण. 'विद्युत विभाग' नावाची कंपनी आपल्याकडे बिल पाठवत नाही.

पिन कधी टाकायचा

यूपीआयबद्दल इतकं लिहिलं गेलंय की एकच सांगतो. पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही. पैशांच्या देवघेवीत पिन विचारणारी स्क्रीन म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे निघायची स्क्रीन, समोरचा फोनवर काहीही सांगो. ओळखीच्या-अनोळखीच्या माणसाने पैशांची 'रिक्वेस्ट' पाठवून फसवायचे प्रकार वाढले म्हणून १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीकडून व्यक्तीला अशी रिक्वेस्ट पाठवायची सोयच बंद झाली. दुकानदारांच्या रिक्वेस्ट मात्र अजून येतात, त्यामुळे स्क्रीनवरची ओळ वाचायलाच हवी. तरीही पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

पुढचा फॉर्म तुमच्याच हातात येणार आहे

येणारी जनगणना देशातली पहिली डिजिटल जनगणना आहे. घरांची यादी २०२६ मध्ये आणि माणसांची मोजणी बहुतेक देशात फेब्रुवारी २०२७ मध्ये. स्वतःच ऑनलाइन माहिती भरायची सोयही आहे. घरोघरी ते काम कोणाकडे येईल, सांगायला नको. 'अरे, तेवढं मोबाईलवर भरून टाक ना.'

तेव्हा एक करा. फॉर्म मोठ्याने वाचून दाखवा, नकारार्थी वाक्य आलं तर ते सरळ करून विचारा, आणि बटण त्यांनाच दाबू द्या. वेळ जास्त जाईल, चालेल.

आणि घरात पोथी घडाघडा वाचणारी पण सही करताना अंगठा पुढे करणारी आजी असेल, तर साक्षरतेच्या प्रश्नापाशी जरा थांबा. २०११ चीच व्याख्या राहिली तर तिचं उत्तर 'नाही' येतं. आपण मनाने 'होय' करून टाकू नका, आधी तिला विचारा लिहिता येतं का. कदाचित ती नाव लिहून दाखवेल.